व्याह्यांचा अधिक महिना

"वैशाखात जमायचं नाही," असं म्हणून अप्पासाहेब देशिंगकरांनी चष्मा काढला आणि उघड्या पंचांगावर ठेवला. ते वकील होते. मुद्दा मांडून झाला की तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर काहीतरी ठेवायची त्यांना सवय होती.

"का बरं?" माझे वडील, म्हणजे भाऊ, म्हणाले.

"वैशाख अधिक आहे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? वर. आकाशात."

"आमच्याकडे नाही," भाऊ म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून स्वतःचं पंचांग काढलं. "आमचा वैशाख स्वच्छ आहे. अधिक आहे तो ज्येष्ठ."

"रत्नागिरीला वेगळं आकाश दिलंय का, मास्तर?"

"आकाश तेच आहे, वकीलसाहेब. तुमच्याकडे मोजायला चुकलंय."

हे मिरजेत, देशिंगकरांच्या बैठकीवर चाललं होतं. आसावरीच्या आई आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. चैत्रातली दुपार होती, पंखा फिरत होता आणि दोन्ही पंचांगांची पानं फडफडत होती. आमचा साखरपुडा माघात झाला होता. लग्न मेच्या सुट्टीत, असं सगळे धरून चालले होते. पण पाडव्याला नवी पंचांगं घरात आली आणि दोन्ही घरांना एकेक अधिक महिना मिळाला. तो वेगवेगळा निघाला.

मी आसावरीकडे पाहिलं. ती आईमागे उभी राहून शांतपणे माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेचा अर्थ मला नीट कळत होता, कारण त्याच सकाळी मिरजेच्या स्टँडवर, मी कोल्हापूरच्या गाडीतून उतरल्या उतरल्या, तिने माझी पिशवी हातात घेत सांगितलं होतं, "उपेन, मला दिवस गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय. आता तोंड मिट, लोक बघताहेत."

आम्ही दोघं कोल्हापूरला एकाच कॉलेजात शिकवत होतो. ती बायकांच्या वसतिगृहात राहायची, मी एका भाड्याच्या खोलीत. होळीला माझे घरमालक सहकुटुंब गावाला गेले होते. यापेक्षा जास्त तपशील द्यायची आमच्यात पद्धत नाही.

आता हे दोन अधिक महिन्यांचं प्रकरण थोडक्यात सांगितलं पाहिजे, कारण हल्लीच्या पोरांना महिना म्हणजे पगार एवढंच माहीत असतं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. तीनेक वर्षांत मिळून महिन्याभराचा फरक पडतो, मग एक महिना दोनदा घेतात. पहिला अधिक, दुसरा निज. अधिकात लग्नमुंज करायची नाही, दानधर्म भरपूर करायचा, आणि जावयाला बोलावून अनारसे द्यायचे. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते सूर्य राशीत नेमका कधी शिरतो यावर. त्यात चारेक दिवसांचा मतभेद आहे. एका बाजूला जवळजवळ सगळा महाराष्ट्र. दुसऱ्या बाजूला शुद्ध पंचांग मानणारी रत्नागिरीकडची आणि सांगलीकडची काही घरं, आणि माझे वडील.

भाऊ गणिताचे मास्तर. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आमची संक्रांत दहा जानेवारीला व्हायची. मी तिळगूळ घेऊन गेलो की लोक विचारत, "एवढ्यात? कुठे गावाला निघालात का?" काही वर्षी तर आमचा गणपती गावाच्या आधी महिनाभर येई. मूर्तिकार कुरकुरत मूर्ती द्यायचा, तिचा एक कान ओला असायचा. वर्गात मी चिठ्ठी नेली, "घरी गणपती असल्याने रजा मिळावी," की बाई विचारायच्या, "कुणाचा?" आरतीला भाऊ, माझी आत्या आणि मी, एवढेच. शेजारी कठड्यावरून बघायचे. पण भाऊंना त्याचं काही नसे. "बहुमताने सूर्य हलत नाही," ते म्हणायचे. आई मी लहान असतानाच गेली. तिचं श्राद्धही काही वर्षी आम्ही तिच्या माहेरच्यांच्या आधी महिनाभर करत असू. मामा म्हणायचे, "तुमच्या घरात ताई महिनाभर आधीच मेली असती."

तर अशा माणसापुढे अप्पासाहेबांनी चष्मा ठेवला होता.

"बरं," अप्पासाहेब म्हणाले, "तुमचा वैशाख तो आमचा अधिक. तो गेला. पुढचा महिना आमचा निज वैशाख. त्यात घेऊ."

"तो आमचा अधिक ज्येष्ठ. अशक्य."

"त्याच्या पुढचा? तो दोघांचाही ज्येष्ठच ना?"

"दोघांचाही. पण उपेंद्र ज्येष्ठ पुत्र, तुमची मुलगी ज्येष्ठ कन्या, आणि वर ज्येष्ठ महिना. तीन ज्येष्ठ एकत्र चालत नाहीत."

"भाऊ, मी एकुलता एक आहे," मी म्हणालो.

"एकुलता एक हा ज्येष्ठच असतो. कनिष्ठ कोण आहे तुला?"

या मुद्द्यावर अप्पासाहेबांनी मान डोलावली. दोघांचं पहिल्यांदा काहीतरी पटलं, आणि तेही माझ्याविरुद्ध.

"आषाढ?" मी विचारलं.

"आषाढात लग्न?" भाऊ म्हणाले. "त्यापेक्षा पळून जा."

आसावरीने डोळ्यांनी मला विचारलं, काय हरकत आहे?

"त्यानंतर चातुर्मास," अप्पासाहेब म्हणाले. "देव झोपणार ते तुळशीच्या लग्नाला उठणार. म्हणजे मार्गशीर्ष."

"मार्गशीर्ष उत्तम," भाऊ म्हणाले. "तोपर्यंत दोन्ही पंचांगं एका जागी आलेली असतात."

"वा! मग ठरलं म्हणायचं. मार्गशीर्ष!"

दोघांनी आनंदाने पन्ह्याचे पेले उचलले. आसावरीच्या आईंनी डाळीच्या वाट्या पुढे केल्या. आसावरीने वाटी घेतली, एकदा नाकाजवळ नेली, खाली ठेवली आणि घाईघाईने मागच्या दाराने परसात गेली.

"काय झालं हिला?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"पित्त," तिच्या आई म्हणाल्या.

"कालही पित्तच होतं."

"चैत्र आहे. होतं."

मी हात धुवायच्या निमित्ताने परसात गेलो. ती विहिरीच्या कट्ट्याला टेकून चूळ भरत होती.

"मार्गशीर्ष," ती म्हणाली. "तुळशीचं लग्न लागेल तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत असेन. वरातीत पाळणा घेऊन येऊ का?"

"आपण नोंदणी करून टाकू. उद्याच. कोल्हापूरला."

"टाकू. मग अप्पा उरलेलं आयुष्य माझ्याशी बोलणार नाहीत आणि तुझे वडील आपल्या लग्नाचा दिवस कुठल्या पंचांगात बसतो ते शोधत बसतील."

"दुसरा मार्ग..."

"डॉक्टरांचा? तो मी विचारात घेतला आणि सोडला. तू घेऊ नकोस." तिने पदराने तोंड पुसलं. "मला हे मूल हवंय. तूही हवायस, चालवून घेता येईल इतपत. आणि मला माझे अप्पा मांडवात बसलेले हवेत. तिन्ही पाहिजेत. त्यातलं एक सोडायला सांगणारा उपाय मला नको."

"मग भाऊंना खरं सांगतो."

"आणि ते काय करतील?"

मी विचार केला. भाऊ कदाचित मूल कुठल्या नक्षत्रावर होईल ते काढतील.

"पाठकगुरुजी," ती म्हणाली.

"ते काय करणार?"

"या गावात दोन्ही पंचांगं विकत घेणारा तो एकच माणूस आहे. आमच्याकडे गणपती बसवतो आणि महिनाभर आधी सांगलीच्या दोन घरांतही बसवून येतो. त्याच्याइतकं मोकळं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही."

संध्याकाळी ती सायकल काढून गुरुजींकडे गेली. तासाभराने परतली. मी फाटकाशीच गाठून विचारलं, "किती सांगितलंस?"

"डॉक्टरला सांगतात तेवढं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बाई, तुझ्या आईबापांचं लग्न मीच लावलंय. तेव्हाही मुहूर्त सापडत नव्हता.' मग सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठकगुरुजी सहज म्हणून आले. काखेत दोन्ही पंचांगं, गालात पान. भाऊ निघायच्या तयारीत होते. अप्पासाहेब त्यांना पोचवायला धोतर नेसून बसले होते. मार्गशीर्षावर एकमत झाल्यापासून दोघं एकमेकांशी फार गोड वागत होते.

"अप्पासाहेब," गुरुजी खाली बसत म्हणाले, "एक शंका आहे. अधिकात विवाह वर्ज्य. बरोबर?"

"बरोबर."

"आणि दान?"

"दान उत्तम. त्याचं फळ अनेक पटींनी मिळतं."

"मग कन्यादान?"

अप्पासाहेबांनी चष्मा घातला. "गुरुजी, कन्यादान हा विवाहाचाच भाग आहे. मला शिकवू नका."

"भाग आहे. पण विवाह पूर्ण कधी होतो? सातवं पाऊल पडलं की. हे मी म्हणत नाही, तुमचा कायदा म्हणतो."

अप्पासाहेबांनी चष्मा सारखा केला. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्यावर त्यांचाच कायदा घालणारा हा पहिला भटजी होता.

"म्हणजे असं," गुरुजी पुढे म्हणाले. "येत्या महिन्यात तुम्ही दान करा. अधिकातलं महादान. तुमचं काम तिथे संपलं, तुम्ही उठा. पुढे लाजाहोम, सप्तपदी हा विवाह. तो मास्तरांच्या घरचा. मास्तरांचा वैशाख स्वच्छ आहे. एकाच मांडवात तुमचा अधिक आणि त्यांचा वैशाख. मोडलं काय?"

"सप्तपदीला माझी मुलगीही चालते, गुरुजी."

"तोपर्यंत ती तुमची कुठे राहिली? दान दिलेली वस्तू परत मोजत नाहीत."

"वस्तू?" दारातून आवाज आला.

"शास्त्रात, बाई," गुरुजी मान न वळवता म्हणाले. "व्यवहारात नाही."

"मला हे मान्य नाही," भाऊ म्हणाले. "हे गावभर सांगत फिरतील की मास्तरांचा मुलगा आम्हाला अधिकाच्या दानात मुलगी खपवायला सापडला."

"आणि मला लोक विचारतील की अधिकात मुलगी उजवायची एवढी कसली घाई होती!"

हा प्रश्न बैठकीच्या मधोमध पडला आणि तसाच पडून राहिला. तेवढ्यात आसावरी दारातून वळली आणि पुन्हा परसाकडे गेली, कालच्यासारखीच घाईघाईने. तिच्या आईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या ताटातले गहू निवडत होत्या, ते निवडत राहिल्या. "मी म्हणते, होऊन जाऊ दे," त्या गव्हांना म्हणाल्या.

अप्पासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. मग परसाच्या दाराकडे. मग त्यांनी चष्मा काढून मिटला.

"दान," ते शेवटी म्हणाले. "पत्रिकेत मी विवाह हा शब्द घालणार नाही."

"आणि मी दान घालणार नाही," भाऊ म्हणाले.

"मग दोन पत्रिका," गुरुजी म्हणाले आणि पान थुंकायला बाहेर गेले.

अशा रीतीने माझ्या लग्नाच्या दोन पत्रिका निघाल्या. रत्नागिरीची: 'मिती वैशाख, आमचे चिरंजीव उपेंद्र यांचा शुभविवाह.' मिरजेची: 'मिती अधिक वैशाख, पुरुषोत्तममासानिमित्त कन्यादान समारंभ. भोजनास यावे.' दिवस एक, वेळ एक, कार्यालय एक. देशिंगकरांचे निम्मे नातेवाईक हे काहीतरी सत्यनारायणासारखं असेल म्हणून रोजच्या कपड्यांत आले.

मंगलाष्टकं सुरू झाली तसा अप्पासाहेबांनी आपल्या बाजूला हुकूम सोडला की अक्षता हातात धरायच्या, टाकायच्या नाहीत, कारण आपल्यालेखी लग्न लागत नाहीये. त्यामुळे माझ्या उजव्या अंगावर तांदळाचा वर्षाव होत होता आणि डाव्या बाजूला पन्नास माणसं मुठी आवळून उभी होती. लांबून पाहणाऱ्याला मोर्चा वाटला असता. शेवटच्या 'सावधान'ला आसावरीच्या एका मावशीचा भावनेच्या भरात हात सुटला. तिला लगेच गप्प करण्यात आलं.

मग कन्यादान झालं. अधिकातलं दान म्हणून मला तेहेतीस अनारसे आणि चांदीचं निरांजनही मिळालं. मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत त्यातले दोन खावे लागले. हात धुऊन अप्पासाहेब उठले, म्हणाले, "माझं काम संपलं," आणि खुर्ची रस्त्याकडे वळवून वर्तमानपत्र उघडून बसले. इकडे होम पेटला, सप्तपदी सुरू झाली. भाऊ पुढे वाकून आमचं एकेक पाऊल तपासत होते, गणित सोडवणाऱ्या पोराच्या पाठीशी उभं राहावं तसे. सातव्या पावलाला मी सहज मान वळवली. वर्तमानपत्र खाली आलं होतं. लगेच वर गेलं.

वरात रत्नागिरीला निघाली. आम्ही सगळे एस.टी.ने जाणार असं ठरलं होतं. भाऊंनी जन्मात टॅक्सी केली नव्हती. त्यांच्या मते चाकं सगळ्यांना सारखीच असतात. पण कार्यालयाच्या दारात एक अँबॅसिडर उभी होती.

"ही कुणाला?"

"सुनेला," भाऊ म्हणाले. मग ड्रायव्हरच्या खिडकीत डोकं घालून ते त्याला म्हणाले, "आंबा घाटात वळणं पुष्कळ आहेत. प्रत्येक वळणाला हळू. खड्डा दिसला तर थांब, उतर, बघ, मग ने. पोचायला रात्र झाली तरी हरकत नाही."

मला वाटलं, सुनेचा मान. आत्या पाठीमागून म्हणाली, "माझी हाडं बैलगाडीतून आली होती, तेव्हा नाही कुणी उतरून खड्डे बघितले."

ही आत्या भाऊंची थोरली बहीण. घरात सगळे तिला अक्का म्हणत. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं समजून बोलायची. मनात आलेली गोष्ट आणि तोंडातून निघालेली गोष्ट यांच्यामध्ये तिने कधी भिंत बांधली नव्हती. त्यामुळे पुढचे महिने मला खरी भीती होती ती अक्काची. तुळशीची लग्नं लागून गेल्यावर दोन दिवसांत रत्नागिरीला तार आली की मिरजेत आसावरीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तार वाचून अक्काने पहिलं काय विचारलं असेल? "आत्ता?"

भाऊ म्हणाले, "मुलं केव्हाही होतात," आणि पेढे आणायला स्वतः गेले.

बाराव्या दिवशी बारसं. आम्ही तिघं मिरजेला गेलो. अप्पासाहेबांची बैठक बायकांनी भरली होती. घुगऱ्या वाटल्या जात होत्या. मुलगी पाळण्यात मुठी आवळून रडत होती. वजनाला भरपूर, केस कानांवर आलेले, नखं वाढलेली. कुठल्याही कोनातून ती अपुऱ्या दिवसांची दिसत नव्हती. आसावरी पाटावर बसली होती आणि अक्काकडे बघत होती. मीही अक्काकडेच बघत होतो.

अक्का पाळण्यात वाकली. मुलीची हनुवटी धरली. मांडी चाचपली. मग सरळ झाली आणि उजव्या हाताचा अंगठा तिने बोटाच्या पेरावर टेकवला.

"वैशाख," ती म्हणाली. मिरजेच्या स्टेशनावर ऐकू जाईल अशा आवाजात.

मी म्हणालो, "अक्का, घुगऱ्या घे."

"थांब रे. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक." अंगठा थांबला आणि ती भाऊंकडे वळली. "सात! गोविंदा, सातव्यातलं पोर आणि एवढं गुटगुटीत?"

बैठकीतल्या बायका एकदम घुगऱ्या खायच्या थांबल्या. आसावरीच्या आईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. आसावरीने मान खाली घातली नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. अप्पासाहेब ओसरीवरून आत आले आणि उंबऱ्यात उभे राहिले.

"अक्का," भाऊ म्हणाले, "अधिक धरायचा राहिला."

"अधिक कुठे मोजतात रे?"

"लग्नात मोजत नाहीत. बाळंतपणात मोजतात. पोटातलं पोर अधिकात वाढायचं थांबत नाही."

"बरं. तो मेला अधिक ज्येष्ठ धरला. आठ." अक्काने पुन्हा पाळण्यात पाहिलं. "आठव्यातलं जगत नाही म्हणतात. ही तर भांडायला उठलीय."

"व्याह्यांचाही धर."

"काय धर?"

"व्याह्यांचा अधिक वैशाख."

अक्काचा अंगठा हवेत राहिला. "तो आपण कुठे मानतो?"

भाऊंनी पाळण्याकडे पाहिलं.

"अरे, पाडव्यापासून तूच सांगतोयस ना मला, की तो महिना नाहीच म्हणून? यांचं मोजायला चुकलंय म्हणून?"

"मी मानतो," भाऊ म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मामांनी, शेजाऱ्यांनी, मूर्तिकाराने, गावातल्या तीन भटजींनी ते ऐकायची किती वर्षं वाट पाहिली होती.

पण अक्का मास्तरांची बहीण होती. "आणि गोविंदा, आपला वैशाख नि यांचा अधिक वैशाख हा एकच रे महिना. दोनदा कसा धरायचा? पाटीवर काढून दाखवलं होतंस तूच."

पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस भर बैठकीत उभा होता. हातच्याची चूक केली म्हणून त्याने मला एकदा जेवायला उठू दिलं नव्हतं.

"लग्न दोन्ही पंचांगांनी लागलंय," भाऊ म्हणाले. "मोजायचं तर दोन्ही पंचांगांनी."

"बरोबर आहे," उंबऱ्यातून अप्पासाहेब म्हणाले. "अधिक वैशाख आमचा, अधिक ज्येष्ठ मास्तरांचा. दोन्ही ग्राह्य. कोर्टातही हेच धरतील."

कुठल्याही कोर्टात हे धरलं नसतं. पण बैठकीत बसलेल्या बायकांपैकी कुणी वकील नव्हतं.

अक्काने भावाकडे पाहिलं. मग व्याह्यांकडे. मग बराच वेळ आसावरीकडे. तिला ऐकू कमी येत असे, दिसत व्यवस्थित असे. तिने अंगठा आणखी एक पेर पुढे सरकवला.

"म्हणजे नऊ," ती म्हणाली.

"नऊ," भाऊ म्हणाले.

"पूर्ण नऊ," अप्पासाहेब म्हणाले.

"नऊ ग बायांनो!" अक्का सगळ्या बैठकीला ओरडून म्हणाली. "मीच मेली चुकले. हल्ली मला मोजता येत नाही. खा, घुगऱ्या खा."

पातेलं पुन्हा फिरू लागलं. त्यानंतर या विषयावर कुणीही, कधीही, एक शब्द बोललं नाही. भाऊंना कधी कळलं, अप्पासाहेबांना कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघंही आता वर आहेत. तिथे तरी कुठलं पंचांग बरोबर होतं ते एकदाचं ठरलं असावं.

त्या दिवशी मात्र नाव ठेवायची वेळ झाली आणि अप्पासाहेबांनी खिशातून कागद काढला. "जन्मनक्षत्र रोहिणी. तिसरा चरण."

"मृग," भाऊ म्हणाले. "पहिला."

"मास्तर, मी स्वतः काढलंय. रोहिणी."

"तुमच्या पंचांगातून काढलंत. तिथे चंद्र अजून पोचायचाच असतो."

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही आमचं पंचांग मानलंत!"

"महिना मानला. चंद्र मानलेला नाही."

"असं अर्धं मान्य करता येत नाही! कबुली ही कबुली असते!"

"वकीलसाहेब, आवाज चढवल्याने चंद्र मागे येत नाही!"

दोघं तावातावाने ओसरीवर गेले. तिथून पाठकगुरुजींना बोलावणं धाडण्यात आलं. गुरुजींनी दोन्ही पंचांगं घेऊन येतो असा निरोप पाठवला. मुलीचं नाव आम्ही दोघांनी केव्हाच ठरवलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही. बायका पाळणा म्हणायला सरसावून बसल्या. बाहेर रोहिणी आणि मृग हातघाईवर आले होते.

आसावरीने पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली, भिंतीला टेकली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पाय लांब करून बसली.

"चला," ती म्हणाली. "आत्ता लागलं आपलं लग्न."